गमरेभाऊंची बोटं

कचेरीचं काम घेऊन माणूस रत्नागिरीत उतरला, की त्याला कोणीतरी सांगतंच, "अर्ज करायचाय ना? मग गमरेभाऊंकडे जा. तुमचं बोलून होईस्तोवर कागद हातात देतात." आता यात थोडं तिखटमीठ आहे, पण फार नाही. राजेंद्र गमरे कचेरीसमोरच्या पत्र्याच्या पडवीत चौतीस वर्षं अर्ज टाइप करत बसलेत. हातखंब्याच्या बौद्धवाडीतून टायपिंगची परीक्षा पास झालेला हा पहिला मुलगा. तेव्हा त्याचा वेग मिनिटाला पन्नास शब्द होता. आज वय एकोणसाठ आहे आणि वेग, भाऊंना विचाराल तर, पंचावन्न.

आणि विचारायची गरजच नाही म्हणा. भाऊ आपण होऊन सांगतात. समोरच्या माणसाने जरा अडखळायला सुरुवात केली, की म्हणायचे, "तू बोल रे. माझी काळजी करू नको, मी तुझ्या पुढे आहे." कीबोर्डकडे बघणं हा त्यांच्या मते कमीपणा होता. बघायचं ते समोरच्याच्या तोंडाकडे. त्यांच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधल्या सरांनी शिकवलेली प्रत्येक गोष्ट त्यांनी देवाज्ञेसारखी पाळली, आणि देव मानत नसूनही पाळली, हे विशेष.

त्या पडवीत टेबलं आठ. नववं मांडायला जागा नाही आणि मांडूही देत नाहीत. या जागांचा कुठे कागद नाही, पावती नाही, काही नाही. रीत एवढीच, की जो उठेल त्याने सकाळच्या चहाला बाकीच्या सातजणांसमोर सांगायचं, "माझी जागा अमक्याला." सांगितली की झाली. भाऊंनाही ती अशीच मिळाली होती. अर्ज लिहून पोट भरणाऱ्या माणसांचा आपसातला एवढा मोठा व्यवहार तोंडी चालतो, याचं भाऊंना नेहमी हसू यायचं.

तर झालं असं, की एका गुरुवारी जयगडच्या पलीकडच्या वाडीतून सुंदराबाई आली. सत्तरीची बाई, पायात रबरी चपला, हातात कागदांची पिशवी. नवरा गेला होता, जमिनीला वारसांची नावं लावायची होती. भाऊंच्या पुढ्यात महिन्याभरापूर्वी लेकीने घेऊन दिलेला नवा लॅपटॉप. त्याआधी जुना कॉम्प्युटर होता, त्याच्याआधी टाइपरायटरचं मशीन. भाऊंनी फर्रकन मथळा टाकला, नाव टाकलं, गाव टाकलं.

"मुलं किती?"

"तीन," सुंदराबाई म्हणाली. मग म्हणाली, "चार." मग गप्प बसली.

भाऊ थांबले. त्यांना हे नवं नव्हतं, अशा जागी माणसं गप्प बसतातच. बाईचा सदू नावाचा मुलगा अकरा वर्षांपूर्वी मुंबईला गेला तो गेलाच. फोन नाही, पत्र नाही. तो धरायचा का सोडायचा, हे तिला त्या खुर्चीत बसून ठरवायचं होतं. बराच वेळ ती पडवीच्या खांबाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चार लिवा. जिता असंल तर येईल नि मांगंल आपला हिस्सा."

तेवढ्यात पडद्यावर कसलीशी चौकट आली. या नव्या लॅपटॉपवर दिवसातून दहा चौकटी यायच्या. हे अपडेट करा, ते चालू करा. सगळ्या इंग्रजीत. भाऊ त्यांच्याशी हुज्जत घालत नसत, एंटर मारत आणि पुढे जात. आताही मारला. आणि ‘मुले चार’ असं टाइप केलं.

काहीच उमटलं नाही.

भाऊंनी पुन्हा केलं. बोटं नेहमीसारखी धावली, बटणं खालीवर झाली, पडदा कोरा. तिसऱ्यांदा केलं तेव्हा कुठून तरी एक ‘ल’ आला आणि बसला.

"काय झालं ओ?" सुंदराबाईने विचारलं.

"काही नाही. गरम झाला असेल," भाऊ म्हणाले. बंद केला, चालू केला. तेच. सुंदराबाईला दुपारची गाडी पकडायची होती. "मंगळवारी ये," असं तिला सांगून त्यांनी वाटेला लावलं, आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा भाऊंच्या टेबलावरून माणूस कागदाशिवाय गेला.

शेजारच्या टेबलावर अनिल. भाऊंपेक्षा दहा वर्षांनी लहान आणि जिभेला हाड नाही. तो म्हणाला, "मुंग्या असतील भाऊ. परवा तुम्ही त्याच्यावरच आंबापोळी खात होतात."

मुंग्यांची शंका भाऊंना पटली. त्यांनी लॅपटॉप उपडा धरून झटकला. दाढीच्या जुन्या ब्रशने बटणांच्या फटी साफ केल्या. आंबापोळीचा एक कण निघाला, मुंगी एकही नाही. मग अनिल उठून आला आणि आपल्या तर्जनीने एक बटण दाबलं. अनिल टायपिस्ट असला तरी एका बोटाचा. दाबायचा, पडद्याकडे बघायचा, अक्षर आलंय याची खात्री झाली की मग बोट उचलायचा. त्याचं अक्षर उमटलं. दुसरं दाबलं, तेही उमटलं.

"चालतंय की हो!"

भाऊंनी लगेच हात मारला. काही नाही.

"परत कर बघू."

अनिलने केलं. उमटलं. भाऊंनी केलं. नाही उमटलं. मग अनिल हसला आणि म्हणाला, "भाऊ, ह्याला तुमचा हात आवडत नाही बहुतेक." भाऊंना हसू आलं नाही.

कारण भाऊंच्या मनात एक भीती फार दिवस दबा धरून बसलेली होती. त्यांचे वडील मुंबईला गोदीत होते. पोतं पाठीवर मारणारा माणूस, पण साठाव्या वर्षी त्यांच्या हाताची आधी बोटं गेली. शर्टाचं बटण लागेना, मग भाकरीचा तुकडा मोडेना, आणि वर्षभरात सगळी उजवी बाजू आडवी झाली. भाऊंना आता साठ पूर्ण व्हायला सात महिने उरले होते. हे त्यांनी कोणालाच कधी बोलून दाखवलं नव्हतं. बायकोलाही नाही.

शुक्रवारी ते लॅपटॉप घेऊन दीपककडे गेले. बसस्टँडच्या मागे दीपकचं दुरुस्तीचं दुकान आहे. मुलगा हुशार, पण सगळ्या गोष्टी घाईत सांगायची खोड. त्याने लॅपटॉप उघडला, एक तपासणीचा प्रोग्राम लावला आणि वरच्या डाव्या कोपऱ्यापासून एकेक बटण दाबत गेला. दाबलं, धरलं, पडद्यावर खूण आली, की पुढचं. सगळी बटणं पास.

"भाऊ, कीबोर्ड एकदम ओके आहे."

"अरे, पण माझ्याने उमटत नाही ना!"

"बघू, करा."

भाऊंनी केलं. एक ओळ मारली, त्यातली दोन अक्षरं आली. दीपकने डोकं खाजवलं. मग आतून दुसरा, वायरचा कीबोर्ड आणला आणि लॅपटॉपला लावला. स्वतः एकेक बटण दाबून बघितलं, छान चाललं. भाऊंकडे सरकवला. भाऊंनी बोटं ठेवली. त्यांनी स्वतःचंच नाव टाइप केलं. पडद्यावर एक काना आला फक्त.

"आता दोन दोन कीबोर्ड एकदम बिघडतील का भाऊ?" दीपक म्हणाला. वाईट हेतूने नव्हे, सरळच म्हणाला. "तुमचा हात हलका पडतोय. डॉक्टरला दाखवून घ्या एकदा."

झालं! भाऊंना जे ऐकायचं नव्हतं नेमकं तेच.

घरी आल्यावर त्यांनी मागच्या पडवीत जाऊन तीन नारळ सोलले. घरात नारळाची गरज नव्हती. हात चालतोय का बघायचं होतं. तिन्ही नारळ सुरेख सोलले गेले. मग त्यांनी शर्टाची बटणं काढली आणि लावली, पुन्हा काढली आणि पुन्हा लावली. त्यांची बायको नम्रता अंगणवाडीत मदतनीस आहे. ती दारात उभी राहून हे सगळं बघत होती.

"काय चाललंय काय तुमचं? शर्ट घालताय का काढताय?"

"बटण सैल झालंय का बघत होतो."

"दाखवा, टाका घालते."

"नाही झालंय सैल."

"मग?"

रात्री जेवताना त्यांनी भाताचा घास मुद्दाम हळू घेतला, मग मुद्दाम भरभर घेतला. हात दोन्ही वेळा तोंडाशी बरोबर आला. मग लॅपटॉपच्या बटणांनीच काय घोडं मारलं होतं? नारळ सोलतो तो हात, शर्टाची बटणं लावतो तो हात, आणि लॅपटॉपवर ठेवला की मेल्यासारखा. भाऊंना आपल्याच हाताचा काही पत्ता लागेना. वडिलांचं असं नव्हतं. वडिलांचं सगळं क्रमाने गेलं होतं. की त्यांचंही आधी काहीतरी बारीक गेलं होतं आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं?

शनिवारी डॉक्टर. डॉक्टरांनी आपली दोन बोटं पुढे केली आणि म्हणाले, दाबा. भाऊंनी अशी दाबली, की डॉक्टर म्हणाले, सोडा. मग त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारली, टाचेवर ओरखडा काढला, साखर तपासली. सगळं ठीक. "जोर भरपूर आहे," डॉक्टर म्हणाले, "पण बारीक आणि भरभर हालचाल ही वेगळी गोष्ट असते. एकदा कोल्हापूरला नसांची तपासणी करून घ्या. आणि टेन्शन घेऊ नका."

टेन्शन घेऊ नका! वर दोन महिन्यांच्या गोळ्या दिल्या.

रविवारी दुपारी भाऊंनी नम्रताला सगळं सांगितलं. वडिलांची भीतीसुद्धा सांगितली. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "एवढे चार दिवस मनात ठेवलंत? मला काय शोभेला आणलंय होय या घरात?" आणि डोळ्याला पदर लावला. मग तिने त्यांचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला आणि बोटं एकेक करून दाबत बसली. भाऊ म्हणाले, "अगो, काय करतेस?" ती म्हणाली, "गप बसा." भाऊंना त्या वेळी रडू आवरेना.

तिथेच त्यांनी ठरवलं. हसं होण्याआधी उठायचं. पडवीत लोक आपल्याला बघून कुजबुजतील, ‘हाच तो, बोलून होईस्तोवर कागद देणारा,’ आणि आपण एका अक्षरासाठी बोटावर भार देत बसलेलो असू. ते नको.

जागा कोणाला, हाही प्रश्न नव्हता. कचेरीच्या रस्त्यापलीकडे झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे शमिका काम करते. सव्वीस वर्षांची पोर, खेडशीला आईबरोबर राहते. मराठी टायपिंगची चाळीसची परीक्षा पास, हात चांगला. गेली तीन वर्षं ती दर दोन महिन्यांनी पडवीत येऊन विचारायची, "कोणी उठतंय का ओ काका?" अनिल तिला चिडवायचा, "अगो, आमच्या मरणावर टपलीस होय!" ती हसायची, पण विचारायची सोडायची नाही. झेरॉक्सच्या दुकानात आता मालकाचा मुलगा बसणार होता आणि महिनाअखेर शमिकाचं काम संपणार होतं. हे सगळ्या पडवीला माहीत होतं.

मंगळवारी सकाळी चहा आला. आठही जण जमले. भाऊंनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "जयभीम मंडळी. माझी जागा शमिकाला."

अनिलने विचारलं, "भाऊ, मस्करी करताय?" भाऊंनी आपला उजवा हात वर केला आणि म्हणाले, "हा गेला." बस्स, एवढंच. चौतीस वर्षं भरभरून अर्ज लिहिणाऱ्या माणसाला स्वतःसाठी याहून जास्त मजकूर सुचला नाही.

शमिकाला निरोप गेला. ती धावतच आली, अंगावर दुकानातली शाई, आणि भाऊंच्या पायाशी वाकली. "काका, तुम्ही खरंच..." आनंद लपवायचा होता आणि लपत नव्हता, आणि भाऊंच्या हाताकडे बघितलं की तिला त्याची लाज वाटत होती. भाऊ म्हणाले, "दुपारी ये. माझे सगळे नमुने या लॅपटॉपवर आहेत. चौतीस वर्षांचे अर्ज आहेत. कुठला कशाला लागतो ते दाखवतो."

दुपारच्या आधी सुंदराबाई आली. मंगळवार म्हणजे मंगळवार. भाऊंनी तिला बसवलं आणि खरं काय ते सांगितलं, की बाई, माझ्या बोटाने आता उमटत नाही.

"असा कसा उमटत न्हाय? बघू," असं म्हणून सुंदराबाईने सरळ अंगठा पुढे केला. जन्मभर कागदावर अंगठा दिलेली बाई. तिने आपला अंगठा शाईच्या पॅडवर टेकवावा तसा एका बटणावर टेकवला आणि चांगला दाबून धरला. पडद्यावर अक्षर आलं.

"आला की!"

"आला," भाऊ म्हणाले. निरक्षर बाईच्या अंगठ्याने उमटतं, आणि आपल्या दहा बोटांनी नाही. आता आणखी काय पुरावा पाहिजे होता? उरलीसुरली शंका होती तीही गेली. ते एवढे खचले, की अनिलने उठून त्यांना पाणी आणून दिलं.

तेवढ्यात शमिका आली. भाऊंनी उठून तिला आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः बाजूच्या स्टुलावर बसले. त्या स्टुलावर ते याआधी कधी बसले नव्हते. तिथून टेबल निराळंच दिसत होतं. "आधी या आजींचं काम कर," ते म्हणाले. "वारस नोंद. मुलं चार. नावं त्या सांगतील."

शमिकाने ओढणी मागे टाकली, बोटं जागेवर ठेवली आणि सुरू झाली. बोटं झरझर चालली. भाऊ ती बोटं बघत होते, पडदा नव्हे. चांगला हात आहे, त्यांच्या मनात आलं. करंगळी थोडी आळशी आहे, पण हात चांगला आहे. मग बोटं थांबली.

भाऊंनी वर बघितलं. शमिका पडद्याकडे बघत होती. तिने पुन्हा दोनचार बटणं मारली आणि पुन्हा थांबली. मग हात मांडीवर घेऊन नुसती बसून राहिली. बघितलं कचेरीच्या फाटकाकडे, मग रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सच्या दुकानाकडे, मग स्वतःच्या हातांकडे. ओढणीच्या टोकाने तिने तोंड पुसलं.

"काय झालं? नवीन आहे म्हणून बिचकू नको," भाऊ म्हणाले. "अक्षरांच्या जागा जुन्या मशीनच्याच ठेवल्यात."

भाऊंना वाटलं, पोरीला दडपण आलं. साहजिक आहे. स्वतःच्या टेबलावर पहिल्या दिवशी त्यांचेही हात गार पडले होते. त्यांनी आपला उजवा हात मांडीवर उलटासुलटा केला, बोटं मिटली, उघडली. गेल्या पाच दिवसांत ही त्यांची सवयच झाली होती.

शमिका ते बघत होती.

"काका," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक. "माझ्यानेपण उमटत नाही."

"काय?"

"माझ्यानेपण उमटत नाही. हे बघा." तिने भरभर एक ओळ मारली. पडदा कोरा. मग तिने एक बटण दाबून धरलं, एक, दोन मोजलं, आणि अक्षर उमटलं. "धरून ठेवलं तर येतंय. पटकन मारलं तर येत नाही. तुमच्या हाताला काही झालेलं नाही काका. ह्यालाच काहीतरी झालंय."

भाऊंना एकदम काही कळलंच नाही. ते म्हणाले, "मग दीपकचा कीबोर्ड?" मग म्हणाले, "मग अनिलने दाबलं ते?" मग म्हणाले, "मग आजींचा अंगठा?"

"अनिलकाका कसं दाबतात? दीपकदादा कसं दाबत होता? आजींनी कसं दाबलं? सगळ्यांनी धरूनच दाबलं असणार. भरभर मारलंत ते तुम्ही एकट्यानेच."

तिने मोबाइल काढला आणि त्यात काहीबाही शोधलं. मग पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथे घड्याळाचं एक इवलंसं चित्र होतं. भाऊंनी ते पाहिलं होतं. वेळेचं असेल असं समजून सोडून दिलं होतं.

"ज्यांचा हात थरथरतो ना, त्यांच्यासाठी असतं हे," शमिका वाचून सांगू लागली. "चुकून धक्का लागला तर अक्षर उमटू नये म्हणून. पटकन लागलेलं बोट ते धरतच नाही, मग कीबोर्ड कुठलाही लावा. उजवीकडचं शिफ्टचं बटण आठ सेकंद दाबून ठेवलं की चौकट येते. त्यात हो म्हटलं की सुरू. तुम्ही कधी धरलं होतंत का एवढा वेळ?"

"मी कशाला धरू?" भाऊ म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांची नजर आपल्या उजव्या करंगळीवर गेली. करंगळी टेबलाच्या कडेवर टेकलेली होती. टेकलेलीच असायची. सरांनी शिकवलं होतं, ‘माणूस बोलायचा थांबला तर हात उचलायचा नाही. टेकायचा तर शिफ्टवर टेकायचा. ते एकच बटण असं आहे, की दाबलं तरी कागदावर काही छापत नाही.’ चौतीस वर्षं माणसं थांबली, की भाऊंची करंगळी शिफ्टवर टेकत आली होती. पण माणसं थांबून थांबून थांबणार किती? दोनचार सेकंद. गुरुवारी सुंदराबाई मात्र चांगली थांबली होती. आणि त्यानंतर आलेल्या चौकटीला भाऊंनी न वाचता एंटर मारला होता.

"बाय माझे!" भाऊ म्हणाले. "अगो, हे मीच केलंय."

शमिकाने शिफ्ट दाबून धरलं आणि मोजलं. आठाला लॅपटॉपने बीप केलं आणि ते इवलंसं घड्याळ गेलं. ती खुर्चीतून उठली. "करून बघा आता."

भाऊ खुर्चीत बसले. त्यांनी ‘मुले चार’ असं टाइप केलं. आलं. पूर्ण वाक्य केलं. आलं. मग त्यांनी जो हात सोडला तो सोडलाच. "बोल आजी, बोल! पहिल्याचं नाव? वय? दुसऱ्याचं?" सुंदराबाईला बोलता बोलता धाप लागली. अनिल ओरडला, "भाऊ आले रे परत!" आणि बाकीच्यांनी टेबलं वाजवली. सुंदराबाईचा अर्ज झाला, चारही नावांसकट. पाठोपाठ रेशनकार्डवाला आला, त्याचा झाला. मग दाखल्याचा झाला. मध्ये भाऊंनी नम्रताला फोन लावला, "अगो, हात माझा शाबूत आहे! मशीनला खूळ लागलं होतं!" आणि तिकडून ती काय बोलतेय ते न ऐकताच पुढचा कागद घेतला. इतका आनंद त्यांना नोकरदार लेकीच्या पहिल्या पगारालासुद्धा झाला नव्हता.

चारच्या सुमाराला चहा आला. अनिलने कप घेतला आणि सहज विचारलं, "शमिका कुठे गेली ओ?"

भाऊंनी मागे बघितलं. स्टूल रिकामं होतं.

"मग भाऊ, आता जागेचं कसं? तुमची का तिची?" अनिल म्हणाला. या वेळी तो चिडवत नव्हता. बाकीचे सहाजणही कप हातात धरून बघत होते. पडवीत सांगितलेली जागा कोणी परत घेतली, असं आजवर झालं नव्हतं. हात परत आला म्हणून शब्द परत घ्यायचा, की शब्द गेला म्हणून आलेला हात घेऊन घरी बसायचं? भाऊंनी चहा तसाच ठेवला आणि रस्ता ओलांडून झेरॉक्सच्या दुकानात गेले.

शमिका कोणाच्या तरी सातबाऱ्याच्या प्रती काढत होती.

"न सांगता आलीस ती?"

"तुम्ही कामात होतात काका."

"मी कामात होतो," भाऊ म्हणाले. त्यांना स्वतःचाच राग आला. "तुला ठाऊक होतं ना, हे सांगितलंस तर जागा जाईल?"

शमिकाने प्रती नीट लावल्या, गिऱ्हाइकाला दिल्या. मग म्हणाली, "खोटं कशाला बोलू? दोन मिनिटं मला वाटलं, गप्प बसावं. नंतर घरी जाऊन ठीक करावं हळूच. तुम्हाला कधी कळलंही नसतं."

"मग बसायचं होतंस गप्प."

"बसणार होते. तुम्ही आपल्या बोटांकडे बघत होतात."

भाऊ काउंटरला धरून उभे राहिले. झेरॉक्सचं मशीन घरघरत होतं. हिला आपण काय द्यावं, काय म्हणावं, हे त्यांना खरंच कळेना. जागा सोडवत नव्हती. आताच तर परत मिळाली होती. आणि जागा ठेवून हिच्यासमोरून रोज त्या खुर्चीत जाऊन बसायचं, तेही जमणार नव्हतं.

"उद्या येताना खुर्ची घेऊन ये," ते शेवटी म्हणाले.

"आणि बसू कुठे? टेबल एकच आहे."

"ते मला विचारू नको. मला अजून कळलेलं नाही," भाऊ जवळजवळ ओरडलेच. "तू खुर्ची घेऊन ये."